सात घरं, अकरा काचा

२ फेब्रुवारी, सोमवार

अकरा नंबरची काच फुटली! लावून जेमतेम तीन आठवडे झालेत.

सगळं लिहूनच ठेवते. उद्या कोणी माझ्यावर शेकवायला लागलं तर निदान या वहीला तरी खरं माहीत असेल. आमच्या नगरपालिकेच्या ऑफिसात नवे साहेब बदलून आले आणि आल्या आल्या आमच्या गल्लीच्या मागे लागले. सात घरं, सगळी एकमेकांना चिकटलेली, दीड-दोनशे वर्षांची. भिंतींना तडे आहेत, ते काय आजचे आहेत? पण साहेबांना ते ‘हलतायत का’ बघायचं होतं. मग प्रत्येक मोठ्या तड्यावर एकेक काचपट्टी आडवी लावली. दोन बोटं रुंद, वीतभर लांब, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा, वर नंबर आणि तारीख. भिंत केसभर सरकली तरी काच फुटते. ऑफिसात या काचांना साक्षीदार म्हणतात. असे अकरा साक्षीदार.

तीन महिने अकराही शाबूत राहिले तर गल्ली जतनाच्या यादीत जाणार, डागडुजी होणार, सगळे आपापल्या घरात राहणार. नाही राहिले तर सात कुटुंबं बाहेर आणि सगळी रांग जमीनदोस्त. दर सोमवारी फिरून रजिस्टरात नोंद करायचं काम माझ्याकडे. का, तर ऑफिसात नकाशे काढणारी मीच आणि चौथ्या घरात राहणारीही मीच. साहेब म्हणाले, तुमच्याइतकी काळजी दुसरं कोण घेणार. तेव्हा बरं वाटलं होतं. आता वाटतं, मुद्दाम मला अडकवलं की काय?

अकरावी काच सातव्या घरात आहे, घड्याळजींच्या दुकानामागच्या जिन्यात. त्या जिन्याला दार नाही. कोणीही यावं, टिचकी मारावी आणि जावं.

दुपारच्या सुट्टीत नवी काच आणून लावली. तारीख जुनीच घातली — १२ जानेवारी. रजिस्टरात लिहिलं: अखंड. मला यात काही चुकीचं वाटत नाही. चोराला जिंकू का द्यायचं?

३ फेब्रुवारी

दिवसभर साहेबांच्या तोंडाकडे बघत होते. काही पत्ता लागू देत नाही माणूस.

९ फेब्रुवारी, सोमवार

दहा आणि अकरा. दोन्ही! दोन्ही सातव्या घरातल्याच.

तुकडे रुमालात बांधून काचवाल्याकडे नेले. हा आमच्या ऑफिसच्या कोपऱ्यावरचा, पन्नास वर्षं काच कापतोय. त्याने तुकडा उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. म्हणाला, “ठोकलेली काच चांदणीसारखी फुटते, बाई. मार बसतो तिथून चारी बाजूंना रेघा जातात. ही सरळ चिरली आहे.” मी म्हटलं, मग? तर म्हणाला, मग काय, ओढली गेली असणार दोन्हीकडून.

ओढली म्हणे! काचपट्टी कोण ओढत बसेल? मग घरी येताना लक्षात आलं — फुटेल तितक्या काचा त्याच्याकडूनच जाणार. त्याला बरंच आहे की. पुढच्या वेळी एकदम डझनभर आणून ठेवीन आणि कशाला हव्यात ते सांगणार नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस माझा! यादीसोबत गल्लीच्या इतिहासाचं प्रकरण जोडायचं आहे, ते मी लिहितेय. त्यासाठी बॅटरी घेऊन माळ्यावर सरपटत गेले. आत्या खालून ओरडत होती की या वयात हाडं मोडून घेशील. तिला वाटतं मी अजून बारा वर्षांची आहे. सेहेचाळीस झाली.

गल्ली उताराची. वर एक नंबर, खाली सात. सगळे धरून चाललेत की घरं वरून खाली बांधत आले. साफ उलटं आहे! आमच्या घराला खालच्या अंगाची स्वतःची भिंतच नाही. आमच्या तुळयांची टोकं सरळ पाचव्या घराच्या भिंतीत खोचलेली. पाचव्याची सहाव्यात. सहाव्याची सातव्यात. म्हणजे ज्याने त्याने तीनच भिंती बांधल्या आणि चौथी खालच्या शेजाऱ्याची वापरली. फुकटे सगळे! आमचे पूर्वजही त्यात आले. पण काय हिशेबी कारागीर असतील, आठ-दहा वर्षांच्या अंतराने आले तरी तुळईची उंची बोटभरही चुकलेली नाही.

चारही भिंती स्वतःच्या असलेलं एकच घर होतं. आठवं. सगळ्यांत खालचं, सगळ्यांत जुनं, हातभर जाड दगडी भिंतींचं. ते नऊ वर्षांपूर्वी आमच्याच ऑफिसनं पाडलं, गाड्या लावायला जागा हवी म्हणून. त्याची एकच भिंत ठेवली, कारण सातव्याच्या तुळया तिच्यात होत्या. अजून दिसते ती. वरच्या मजल्याचा फिकट निळा रंग, दोन खुंट्या, जिन्याच्या पायऱ्यांचा तिरका ठसा. कोणाची तरी आतली खोली आता उघड्यावर, खाली गाड्या.

सगळ्यांत जुनं घर ज्यांनी पाडलं त्यांनाच आता उरलेली सात खुपतायत. कुंपणच शेत खातंय! प्रकरणात या शोधावर दोन पानं लिहायची. चित्रासह.

१६ फेब्रुवारी, सोमवार

अकरा. पुन्हा. बदलली. अखंड.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आता तर हद्द झाली. फक्त काचा नाहीत, कोणीतरी घरांत शिरतंय.

घड्याळजींच्या दुकानात भिंतीवर त्यांच्या आजोबांचं लंबकाचं घड्याळ आहे. कधी बंद पडलं नव्हतं म्हणतात. या महिन्यात तीनदा थांबलं. ते उघडून बघतात, साफ करतात, आत काही बिघाड नाही. शेवटी एका कडेला पुठ्ठ्याची घडी सारली तेव्हा चालू झालं. मी विचारलं, कोणी हात लावला असेल का? ते म्हणाले, माझ्या घड्याळाला कोण हात लावतो! पण मग विचारात पडले. बिचारे.

घरी आले तर माजघरातला बाबांचा फोटो तिरका. मागे काही शोधलंय कोणीतरी. परवा सरळ केला होता, माझ्या हाताने. आणि मागच्या दाराची कडी बसत नाही. कालपर्यंत बसायची. कडी कोणी उचकटल्याशिवाय अशी अर्धं बोट खाली जाते?

कुठेतरी पाणी मुरतंय, नक्की.

१ मार्च, रविवार

धाकटा भाऊ आला होता. बस आगारात मेकॅनिक आहे, नव्या वस्तीत तळमजल्यावर राहतो. आत्यासाठी गुडघ्याचं मलम आणलं. मग हळूच विषय काढला, आत्याला महिनाभर माझ्याकडे नेतो. तिचे गुडघे, इथला जिना, वगैरे. आत्याने आम्हा दोघांना वाढवलं, आई गेल्यावर. तिच्यावर त्याचा हक्क नाही असं मी कुठे म्हणते? पण आत्ताच का? हे घर तिच्या नावावर आहे. ती हलली की घर रिकामं, घर रिकामं की ते सोडल्याची सही सोपी.

आत्या म्हणाली बघू. ‘बघू’ म्हणजे तिला जायचं नाहीये. मी बरोबर ओळखते.

५ मार्च, गुरुवार

धाकट्याला साहेबांच्या केबिनमधून बाहेर पडताना पाहिलं. माझ्या टेबलावरून गेला, मला भेटला नाही. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला होता.

दिवसभर एक रेघ सरळ आली नाही.

९ मार्च, सोमवार

दहा, अकरा, आणि आता नऊ. नऊ सहाव्या घरातली आहे. चोर वर सरकतोय! खालच्या मोकळ्या जागेतून येतो, हे स्पष्टच आहे. आधी सातवं, मग सहावं. लवकरच पाचव्यात शिरेल. पहिल्या तीन घरांतल्या काचांना अजून धक्का नाही, तिथवर जायची हिंमत नाही त्याची.

आत्याला सगळं सांगितलं. काचा बदलते ते सोडून. म्हटलं, हे साहेब येण्याआधी काही फुटत होतं का? ती भाजी निवडत होती. म्हणाली, “अगं, आधी काचा तरी होत्या का? थर्मामीटर आणला म्हणून ताप आला होय?”

हिला सगळ्याची थट्टा सुचते. वर म्हणाली, दुपारी पडल्या पडल्या माळ्यावर कटकट आवाज येतात. मी लगेच वर गेले. कोणी नव्हतं. धुळीत पावलंही नव्हती. हुशार आहे.

१६ मार्च, सोमवार

साहेबांनी सातव्या घराच्या त्या उघड्या भिंतीला लाकडी टेकू लावले. सहा मोठे वासे, तिरके, जमिनीत रोवून. मी विचारलं, काचा अखंड असताना टेकू कशाला? त्यांनी एक वासा हाताने दाबून बघितला. मग म्हणाले, “रजिस्टर मी रोज वाचतो, बाई. तरी लावतो. माझ्या समाधानासाठी.”

समाधानासाठी! गल्लीत एकेकाला धास्ती बसली. पहिल्या घरातली शिंपीण विचारायला आली की मशीन आत्ताच हलवू का. हाच तर डाव आहे. काच फोडून जमलं नाही तर भीती घालून जमवायचं. मी तिला सांगितलं, मी रजिस्टर लिहिते, माझ्यावर विश्वास ठेव. ती निर्धास्त होऊन गेली.

१८ मार्च

टेकू काढावेत म्हणून अर्ज लिहिला. सातही घरांच्या सह्या घेतल्या. घड्याळजींनी सही करताना जरा वेळ लावला. त्यांचंही काही आहे की काय?

२२ मार्च, रविवार

आज पकडले गेले. मी!

सातच्या जिन्यात अकरावी बदलत होते, आणि मागे धाकटा उभा. घड्याळ दुरुस्तीला आलो म्हणाला. त्याने काचेवरची तारीख वाचली, हातातला जुना तुकडा बघितला, मग माझ्या बोटांवरचं प्लास्टर. हळू आवाजात म्हणाला, “ताई, तारीख जुनी का घातलीस?”

मी म्हटलं, कारण फोडणारा तूच आहेस की नाही ते मला अजून ठरवायचं आहे. तोंडातून निघून गेलं. तो जिन्याच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, मी साहेबांकडे गेलो ते एवढंच विचारायला की आत्याला तिथे ठेवणं बरोबर आहे का. ते म्हणाले, काचा शाबूत आहेत तोवर काळजी नको.

छान जुळवलंय. घोकून आल्यासारखं. आता हा ऑफिसात सांगणार, आणि मी कामावरून जाणार.

२७ मार्च

अजून त्याने सांगितलेलं नाही. म्हणजे ठेवून दिलंय, वेळेवर काढायला.

२८ मार्च, शनिवार

मला एक युक्ती सुचली आहे. ही फक्त मला आणि या वहीला माहीत.

आमच्या खोलीत भिंतीतलं कपाट आहे, पाचव्या घराच्या सामाईक भिंतीत. त्याच्या मागच्या अंगाला बारीक तडा आहे. तिथे आज बारावी काच लावली. तारीख आजचीच, खरी. पुढे नकाशांच्या गुंडाळ्या रचल्या, कुलूप घातलं, किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात. आत्यालाही सांगितलं नाही. बाकीच्या फुटल्या आणि ही राहिली तर सिद्धच झालं की भिंत नाही, माणूस फोडतोय. इतके दिवस सुचलं कसं नाही!

६ एप्रिल, सोमवार

बाहेर आठ आणि अकरा फुटलेल्या. आठ म्हणजे सहाव्या घरातलीच. घरी येऊन दार लावलं, कपाट उघडलं.

शाबूत! एक ओरखडा नाही.

बसले आणि रडले. आनंदाने की रागाने, कोण जाणे.

७ एप्रिल

धाकट्याला फोन करून बोलावलं. सगळं बोलले. पुरावा आहे म्हटलं, काय ते सांगितलं नाही. लहानपणी माझी पट्टी मोडून नाही म्हणाला होतास, तेही काढलं. आत्या मध्ये पडली, तिलाही गप्प केलं.

त्याने घराची किल्ली काढून टेबलावर ठेवली. आत्याच्या पाया पडला. मला म्हणाला, “तुला कोणीतरी हवंच होतं ना, ताई. मी तर मी.” आणि गेला. मलमाची नवी बाटली दारातल्या कोनाड्यात ठेवून गेला.

आत्याने संध्याकाळी स्वतःचं ताट वेगळं वाढून घेतलं. तिची पिशवी भरलेली दिसली, खाटेखाली. विचारलं तर म्हणाली, त्याच्याकडे जाणार होते आठ दिवस, तू नको म्हणालीस तर नाही जात.

नको म्हटलं.

१३ एप्रिल, सोमवार

पाचव्या घरातली सात नंबर. आणि नेहमीच्या. किल्ली तर त्याने दिली — म्हणजे दुसरी करून घेतली असणार. पाचव्याला कुलूपच नसतं म्हणा.

बदलली. तीन महिने काल पूर्ण झाले. रजिस्टरात शेवटची नोंद: सर्व अकरा अखंड. सही केली. अक्षर चांगलं आलं आहे.

२० एप्रिल, सोमवार

अहवाल मंजूर! माझं इतिहासाचं प्रकरण जसंच्या तसं. साहेबांनी फाईल बंद करताना विचारलं, “एकही नाही फुटली?” मी म्हटलं नाही. ते खुर्चीत मागे टेकले, चष्मा काढला, डोळे चोळले. म्हणाले, बरं झालं. मला वाटलं होतं, हे पाप माझ्या हातून होणार. त्यांचं आजोळ असल्याच एका गल्लीत होतं म्हणे, पाडलं गेलं, तेव्हा ते सात वर्षांचे होते.

हे त्यांनी आधी का नाही सांगितलं? आणि आता का सांगितलं? विचार करून डोकं दुखायला लागलं. माझं प्रकरण त्यांनी दोनदा वाचलं म्हणे. खालून वर बांधलेल्या रांगेबद्दल विचारत होते, आठव्याबद्दल. मग म्हणाले, पण काचा काही म्हणत नाहीत, तेव्हा मी कोण?

२३ एप्रिल, गुरुवार

टेकू निघाले. सहाही वासे ट्रकमध्ये गेले. गल्ली सगळी बाहेर उभी होती, शिंपिणीने सगळ्यांना चहा दिला. मला पहिला कप. आमच्या बाईंमुळे वाचलो, म्हणाली. मी जिंकले. लिहून बघते: मी जिंकले.

आत्याने पिशवी सोडली. लुगडी परत भिंतीतल्या कोनाड्यात लावली, डोक्यापाशी.

२५ एप्रिल, शनिवार

घड्याळजींचं घड्याळ पार थांबलं. पुठ्ठ्याच्या चार घड्या सारल्या, तरी नाही. गोंदवलेल्या रेघेसारखी एक बारीक भेग आली आहे त्यांच्या उंबऱ्यात, त्यांनी दाखवली. मी म्हटलं, आता यादीत आहोत, दुरुस्ती होईल. ते मान हलवत राहिले. म्हणाले, आठवं घर उभं होतं तेव्हा हे घड्याळ सेकंदाला पक्कं होतं. गेल्या नऊ वर्षांत दर वर्षी जरा जरा कमी.

हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. चोर कोण, एवढंच विचारत होते.

फोटो पुन्हा तिरका. सरळ केला नाही. तिरकाच राहू दे, बघू.

२६ एप्रिल, रविवार

धाकट्याचा निरोप आत्याच्या फोनवर — मलम संपलं का. माझ्यासाठी काही नाही.

आत्या म्हणाली, “तो फोडत असता तर तुझी तारीख साहेबांना सांगून कधीच मोकळा झाला असता. फोडायची गरज काय होती त्याला?”

मी ताटं उचलून मोरीत नेली.

२७ एप्रिल, सोमवार

सकाळचे सव्वासात. गुंडाळी काढायला कपाट उघडलं. बारावी काच फुटली आहे. सरळ चीर, चांदणी नाही. कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली माझ्या गळ्यात आहे.

म्हणजे कोणीच नव्हतं. एकदाही नव्हतं. रजिस्टर माझ्या अक्षरात आहे.

आत्याला उठवून पहिल्या घराच्या वर, मोकळ्या रस्त्यावर बसवलं. धाकट्याला फोन केला. निघालो म्हणाला. साहेबांनाही सांगितलं, सगळं. सहा दारं ठोठावायची आहेत आणि मी लिहीत काय बसले आहे! सुरुवात खालून करते.